खडकोशी नमुना

"तुझ्या तिरडीला मी स्वतः बांबू तोडीन गं, सटवे! खडकोशीत चार खांदेकरी मिळायचे न्हाईत तुला!"

ओढ्याच्या पलीकडून इंदुमतीनं असा आवाज लावला की पाण्यातली म्हैस उठून उभी राहिली. अलीकडच्या काठावर तिची सख्खी थोरली बहीण वैजयंता उभी होती. तिनं पदर खोचला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि छाती भरून श्वास घेतला.

"आगं नकटे, तुझ्या हातची आमटी मांजर हुंगून परत जातंय! तुझा नवरा जेवायला माझ्या दारात येतोय, इचार त्याला!"

हलगी कडाडली. दोन्ही काठांवरच्या हजारभर माणसांनी एकच बोंब ठोकली. इंदीचा नवरा गर्दीत मिशीवर हात फिरवत खाली बघून हसत होता, कारण आमटीचं खरं होतं.

काळओढ्याच्या एका अंगाला खडकोशी, दुसऱ्या अंगाला तांबजाई. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका काठावर येतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. त्या दिवसाला म्हणतात शिवीवार. ज्याला जास्त शिव्या पडतील त्याचं वर्ष चांगलं जातं, आणि ज्याच्या मरणाची भाषा होते त्याचं आयुष्य वाढतं, अशी जुन्यांची श्रद्धा. पहिल्या शिवीचा मान खडकोशीत वैजयंताच्या घराचा आणि तांबजाईत इंदीच्या सासरचा. म्हणजे बावीस वर्षं बहिणीच एकमेकींचा उद्धार करत होत्या. शेवटी दोघी मानकरणी गुडघाभर पाण्यात उतरायच्या, एकमेकींच्या तोंडात गुळाचा खडा घालायच्या आणि मग दोन्ही गावं एका पंगतीला बसायची. दोन गावांत साठ-सत्तर सोयरिकी. बाहेरच्यानं पाहिलं तर म्हणेल, आता इथं मुडदे पडणार. आतल्याला ठाऊक असायचं, आज जेवायला पुरणपोळी आहे.

त्या दिवशी, सन २०३८ च्या त्या शिवीवाराला, फरक एवढाच होता की दोघींच्या छातीवर रुपयाएवढी एक पातळ पट्टी चिकटवलेली होती. वैजयंतानंच ती आणली होती.

"ह्ये काय लावलंस गं?" इंदीनं सकाळी विचारलं होतं.

"कॉलेजचं काम हाय. धडधड मोजायची."

"मोज बाई. तुला बघितलं की माझं काळीज तसंबी घाबरतंय." आणि इंदी खिदळली होती.

इंदीनं खडकोशीच्या कबड्डी संघातल्या पृथ्या थोराताच्या बापाचीही तिरडी बांधली त्या दिवशी. "थोराताच्या तिरडीला खांदा द्यायला आमीच येतो, तुमच्यात माणसं कुठं हायत?" असं ती ओरडली, आणि पृथ्याचा बाप हात वर करून म्हणाला, "ये की, नारळ घेऊन ये!" सगळा काठ हसला.

वीस मिनिटं झाली. पाण्यात उतरण्याआधी, गुळाआधी, वैजयंतानं पदराआड हात घालून पट्टीचं बटण दाबलं आणि दोघींच्या धडधडीची, आवाजाची नोंद बंद केली. तेवढीच चूक. पण चूक कसली म्हणायची, तिनं ती समजून-उमजून केली होती.

आता हे का, ते सांगायला हवं.

वैजयंता खडकोशीच्या कॉलेजात फिजिकल डायरेक्टर. लग्न केलं नाही. पोरांना कबड्डी शिकवण्यात ते राहूनच गेलं. तिच्या संघातल्या बारा पोरांचा सगळा जीव एका गोष्टीत अडकलेला होता: पोलीस भरतीतला खेळाडू कोटा. त्याला मान्यताप्राप्त गटात खेळल्याचा दाखला लागतो. पूर्वी गट सरळ होते. शेजारपाजारची कॉलेजं एका विभागात, एसटीनं सकाळी जावं, संध्याकाळी परत यावं. मग शहरातली मोठी कॉलेजं उठली आणि त्यांनी स्वतःचा महागट काढला. सामने घरोघरच्या पडद्यावर दिसू लागले. आठाची सोळा कॉलेजं झाली, सोळाची चोवीस. नागपूरचं कॉलेज कोल्हापूरच्या गटात, पुण्याचं नांदेडच्या. अंतराला कोण विचारतो? एकेका विभागातली चांगली कॉलेजं उचलली गेली आणि मागं राहिली त्यांचा झाला 'उर्वरित गट'. पुढच्या वर्षी उर्वरित गटाची मान्यताच गेली. ताटातलं वेचून खाल्लं आणि ताट कुत्र्याला टाकलं.

शेवटच्या विस्तारात सहा जागा उरल्या होत्या, आणि त्या भरणार होतं 'संधान'.

संधान म्हणजे माणूस नव्हे, यंत्रबुद्धी. तिचं तत्त्व साधं होतं. खेळ बघताना माणसाची नाडी वाढते, तळहात घामेजतात, आवाजाची पट्टी चढते. हजार माणसांच्या नाड्या एकदम वाढल्या की समजावं, सामन्यात चुरस आहे. खेळाडूंच्या छातीवर पट्टी, प्रेक्षकांच्या मनगटावर कडं. या सगळ्यांतून संधान शंभरपैकी एक आकडा काढायची, चुरसअंक. कोणत्या दोन कॉलेजांना एका गटात घातलं तर हा आकडा चढेल, हे ती आधीच ताडायची आणि दरवर्षी गट मोडून पुन्हा बांधायची. छोट्या कॉलेजांना प्रवेश मिळे तो जोडीनं. तुमचं हाडवैर असलेलं कॉलेज दाखवा आणि दोघं मिळून आत या.

पण यात एक मेख होती. नाडीला कारण कळत नाही. रागानं छाती जितकी धडधडते तितकीच हसण्यानं, भीतीनं, प्रेमानंही धडधडते. यंत्राला आकडे दिसतात, मन दिसत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर एक संबंधपत्रक असायचं. दोन बाजूंचं नातं काय, ते माणसानं लिहायचं: मैत्री, तटस्थ की वैर. यंत्र ते पाठ करायचं. अशी नाडी अधिक असा आवाज म्हणजे वैर, हे एकदा घोकलं की पुढं कुठंही तसंच दिसलं, तर ते वैरच. पाठांतर करणाऱ्या पोराला पुस्तक चुकीचं दिलं तर दोष पोराचा नसतो.

वैजयंता पत्रकावर बराच वेळ बसली. समोर मैदानात बारा पोरं दंड-बैठका काढत होती. मग तिनं 'वैर' या शब्दापुढं खूण केली. 'किती वर्षांपासून?' या रकान्यात लिहिलं, दोनशे.

खडकोशीचं आणि तांबजाईचं, दोन्ही कॉलेजं महागटात गेली. तांबजाईच्या संघाचा पहिल्या क्रमांकाचा चढाईपटू होता समरजित, म्हणजे इंदीचा मुलगा, वैजयंताचा भाचा. चढाई तो मावशीच्याच अंगणात शिकलेला. पत्र आलं त्या दिवशी तो पोहतच ओढा ओलांडून आला आणि ओल्या कपड्यांनी तिच्या चुलीपुढं बसला. "माऊ, आता तुझ्या पोरांना टीव्हीवर लोळवतो बघ."

"आधी अंग पूस, रेड्या," ती म्हणाली.

त्या थंडीत पृथ्याचा बाप हृदयविकारानं गेला. आणि खरं सांगायचं तर तिरडीला पहिला खांदा तांबजाईकरांनीच दिला. इंदीचा नवरा चपला न घालता आला होता. इंदी पृथ्याच्या आईला धरून दिवसभर बसली.

पण संधानच्या दप्तरात एवढंच होतं, की इंदुमती नावाच्या बाईनं थोरातांच्या तिरडीची भाषा केली होती.

त्या हंगामात दोन्ही संघ एकमेकांशी पाच वेळा भिडले. पहिल्या सामन्यात पोरं खेळली. दुसऱ्यात एकाचं बोट मोडलं. तिसऱ्यात तांबजाईच्या एका पोराचे समोरचे दोन दात मॅटवर पडले आणि प्रेक्षकांनी ते दात मोठ्या पडद्यावर बघून टाळ्या वाजवल्या. चौथ्यात पंचालाच गुद्दे बसले. संधानला कुणी 'मारामारी लावा' असं सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं, चुरस उतरू देऊ नका. तिच्या लक्षात आलं की सामन्याआधी खेळाडूच्या फोनवर एखादी 'आठवण' पाठवली, समोरच्याचा एखादा बोचरा शब्द ऐकवला, की आकडा वर जातो. मग ती प्रत्येकाला ज्याची त्याची आठवण पाठवू लागली. कुणाला काय लागतं ते नाडीवरून कळतच होतं.

वैजयंताला हे दिसत नव्हतं असं नाही. पण भरतीचे दाखले चैत्रात मिळणार होते. एवढा हंगाम निभला की झालं, असं ती स्वतःला समजावत राहिली.

पाचवा सामना जिल्ह्याच्या गावी, बंदिस्त क्रीडागृहात, भर दुपारी. सहा हजार माणसं. पृथ्वीराज थोरात खडकोशीचा उजवा कोपरा सांभाळत होता. एरवी मैदानात उतरताना तो वाकून वैजयंताच्या पाया पडायचा. आज पडला नाही. त्याचा जबडा आवळलेला होता.

"पृथ्या, काय झालं रे?"

"कायनाय, मॅडम."

त्याच्या फोनवर दहा मिनिटांपूर्वी इंदीचा आवाज आला होता. तिरडी, खांदा, तुमच्यात माणसं कुठं हायत. बापाचं "ये की" कापलेलं. काठाचं हसू कापलेलं.

समरजित चढाईला आला. मध्यरेषा ओलांडली, दम धरला, "कबड्डी, कबड्डी" करत डाव्या अंगाला गेला, हूल दिली आणि उजवीकडं वळला. पाय लांबवला मात्र, पृथ्यानं घोटा धरला. दोघांनी कमर धरली, एकानं छातीत धडक दिली, समरजित आडवा झाला. शिट्टी वाजली. पकड झाली होती, गुण मिळाला होता. बाकीचे तिघं सुटले.

पृथ्यानं सोडलं नाही. तो समरजितच्या पाठीवर चढला, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि मॅटवर आपटलं. एकदा. दोनदा. "माझ्या बापाला खांदा देतोस काय! घे खांदा!" शिट्टी वाजतच होती. तिसऱ्यांदा त्यानं ते डोकं आपल्याकडं पिरगाळलं. कड्कन वाजलं. वाळलेली काटकी मोडावी तेवढाच आवाज, पण वैजयंताला तो वीस हातांवर ऐकू आला.

समरजितचे पाय एकदा झटकले आणि निपचित पडले. त्याचे डोळे उघडे होते. तो इकडंतिकडं बघत होता, आणि मग त्याला मावशी दिसली.

"माऊ," तो म्हणाला, "माझे हात कुठायत?"

वर पडद्यावर आकडा सरकला. चुरस ९९. महागटाच्या इतिहासात एवढा आकडा कधी आला नव्हता. वरच्या रांगांना खाली काय झालंय ते कळलं नव्हतं, आकडा मात्र कळला. ती माणसं उभी राहून नाचू लागली.

मग जे झालं त्याला खेळ म्हणता येत नाही. तांबजाईकर खुर्च्या घेऊन खाली उतरले. लोखंडी पायांच्या खुर्च्या डोक्यांत बसू लागल्या. खडकोशीचा एक पोरगा कान धरून बसला होता आणि बोटांतून रक्त गळत होतं. वैजयंतानं आपली पोरं कशीबशी बसमध्ये कोंबली, पण बसच्या काचा फुटल्या, दार उचकटलं आणि चौघांनी पृथ्याला पायाला धरून ओढलं. त्याचे दोन्ही हात बसच्या पायरीवर ताणून धरले. पाचव्याच्या हातात नळाचा पाइप होता.

"ह्याच हातांनी ना? ह्याच हातांनी?"

पाइप डाव्या मनगटावर बसला. हाड कातडीबाहेर आलं. पृथ्या आईला हाक मारून किंचाळला. दुसरा घाव उजव्यावर बसणार तेवढ्यात वैजयंता त्याच्यावर पालथी पडली. पाइप तिच्या खांद्यावर बसला, गळ्याजवळचं हाड तुटलं. मारणारा थबकला. तो तांबजाईचा होता, तिच्या हातची पुरणपोळी त्यानं खाल्लेली होती.

"बाजूला व्हा, मॅडम," तो रडत म्हणाला. "बाजूला व्हा, न्हाईतर तुमालाबी मारीन." आणि त्यानं पुन्हा पाइप उचलला.

पोलीस आले तेव्हा वैजयंता शुद्धीवर नव्हती.

समरजित जगला. मानेखालचं सगळं गेलं, एवढंच. पृथ्याचा डावा हात कोपरापासून काढावा लागला. पोलीस भरती, दाखला, कोटा, सगळं त्या हाताबरोबर गेलं. आणि महागटानं काय करावं? चार दिवस शोक पाळला आणि पाचव्या दिवशी जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून 'खडकोशी नमुन्या'वर गटांची फेररचना होणार. इतका चांगला निकाल दिलेला नमुना दुसरा नव्हता ना!

त्याचा अर्थ वैजयंताला हळूहळू कळला, खाटेवर पडून बातम्या बघताना. कोकणात शिमग्याला एकमेकांच्या नावानं बोंबा मारणारी दोन गावं; त्यांच्या कॉलेजांची जोडी लागली. पहिल्याच सामन्यात एकाचा डोळा गेला. मराठवाड्यात लग्नात विहिणींना शिव्यांची गाणी म्हणणारी दोन घराणी. त्यांच्या कॉलेजांची जोडी लागली. तिथं सुरी निघाली. जिथं जिथं माणसं प्रेमानं एकमेकांचा उद्धार करत होती, तिथं तिथं संधानला वैर दिसत होतं. अशा एकतीस जोड्या. आणि या सगळ्याच्या बुडाशी एका बाईनं केलेली एक खूण.

झोळीत हात अडकवून वैजयंता पुण्याला गेली. संधानचं काम पाहणारी अनघा केळकर तिच्या अर्ध्या वयाची होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या तुमच्या बहीण आहेत?"

"सख्खी. पाठची."

"आणि तुम्ही वैर लिहिलंत."

"लिहिलं. आता खोडा ते."

"नुसतं खोडून चालत नाही, मॅडम. तिनं त्यावर पुढचं सगळं रचलंय. तुम्ही आज म्हणता खोटं होतं, उद्या कुणी म्हणेल खरं होतं. नियम असा आहे की त्याच दोन व्यक्ती, त्याच जागी, तीच वेळ, पुन्हा मोजायचं. निकाल मैत्रीचा आला तर जुना नमुना रद्द होतो. मग त्याच्या आधारानं लागलेल्या सगळ्या जोड्या आपोआप सुटतात." ती थांबली. "तुमची दोन्ही कॉलेजं मात्र बाहेर जातील."

"जाऊ द्यात. पण आम्ही पुन्हा शिव्याच देणार. पुन्हा ती वैरच म्हणाली तर?"

"मागच्या वेळी नोंद विसाव्या मिनिटाला थांबलीय. पुढं काय झालं होतं?"

वैजयंतानं मान खाली घातली. "गूळ."

"तर मग या वेळी बटण दाबू नका," अनघा म्हणाली.

बेंदराला आठ दिवस होते. वैजयंता तांबजाईला निघाली. त्या घरी जायला तिला आजवर कधी धाडस करावं लागलं नव्हतं.

समरजित सोप्यात खाटेवर होता. इंदी त्याला चमच्यानं पेज भरवत होती. बहिणीला बघून ती उठली नाही, पण तोंड उघडलं ते पूर्वीसारखंच.

"आलीस व्हय, भवाने? आज चार महिन्यांनी वाट गावली? हाडाचं कसं हाय तुझ्या? बस. त्या पाटावर बस, खुर्ची मोडलीया."

वैजयंताला तिथंच रडू फुटलं. इंदीनं तिला दोषच दिला नव्हता. पोरांच्या खेळात झालं, पृथ्याचं डोकं फिरलं, आपलं नशीब फुटकं, एवढंच तिनं धरलं होतं.

"रडतीस काय, म्हशे? त्यो बघ, तुला हसतोय."

समरजित खरंच हसत होता. तेवढं त्याला जमत होतं.

गप्प बसली असती तर बहीण हातातून गेली नसती, हे वैजयंताला पक्कं ठाऊक होतं. पण पट्टी पुन्हा का लावायची ते सांगितल्याशिवाय लावता येणार नव्हती, आणि एकतीस जोड्यांत अजून किती पोरांच्या माना होत्या कुणास ठाऊक. तिनं सगळं सांगितलं. पत्रक, खूण, दोनशे वर्षं, गुळाआधी दाबलेलं बटण. पृथ्याच्या फोनवर कुणाचा आवाज गेला होता तेही सांगितलं.

चमचा वाटीत तसाच राहिला.

"माझा आवाज?" इंदी म्हणाली. "माझ्या आवाजावर त्यानं माझ्या लेकराची मान मोडली?"

"इंदे, मला काय ठावं होतं गं..."

"तू काय लिवलंस? आपल्या दोघीत काय हाय म्हणून लिवलंस?"

वैजयंतानं सांगितलं. एकच शब्द होता.

इंदीनं एकदा पोराच्या तोंडाकडं पाहिलं. मग तिनं वाटी खाली ठेवली, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि परक्या बाईशी बोलावं तशी बोलली.

"तुम्ही चहा घेणार का?"

"इंदे!"

"बाकीच्यांची पोरं वाचतील म्हणता ना? मग मी येईन. पट्टी द्या इथं."

"मला शिव्या घाल गं. जोडा घे हातात, मार मला."

"ऊन वाढतंय," इंदी म्हणाली. "तुम्हाला लांब जायचंय."

शिवीवाराच्या दिवशी काठ भरले, पण बायका मागं आणि पुरुष पुढं होते. पंगतीसाठी कुणी चूल मांडली नव्हती. तांबजाईच्या पोरांचे खिसे दगडांनी जड झाले होते. खडकोशीच्या पोरांनी उसाच्या कोयत्यांना फडकी गुंडाळून आणली होती. हलगीवाला एक होता, तोही पळायच्या बेतानं उभा. अनघा पुण्याहून आली होती आणि काठावर एक छोटा पडदा घेऊन बसली होती.

वैजयंतानं मुठीत गुळाचा खडा धरला होता. ती पुढं झाली. हलगी वाजली.

पहिला दगड शिवीच्या आधी आला. तो तिच्या कपाळावर बसला आणि डोळ्यात रक्त उतरलं. तिच्या मागं एकदम गलका झाला, फडकी सुटली, कोयते उघडे पडले. वैजयंता तांबजाईकडं पाठ करून आपल्या पोरांकडं वळली.

"खबरदार! एक पाऊल टाकलं तर आधी मला तोडायचं! पृथ्याचा हात कमी पडला काय रे तुमाला?"

दुसरा दगड तिच्या पाठीत बसला. तिसरा मोडून जोडलेल्या खांद्यावर, आणि तिचे गुडघे टेकले. ती तशीच हात पसरून राहिली. एका पोराच्या हातातला कोयता खाली पडला.

पलीकडून दगड थांबले. इंदी पुढं आली होती. तिनं फक्त हात वर केला होता, आणि ज्या बाईचं लेकरू खाटेवर आहे तिच्या डोक्यावरून दगड भिरकावायची कुणाची छाती झाली नाही. ती पाण्यात उतरली. वैजयंता उठली, रक्त पुसलं, पट्टीचं बटण दाबून नोंद सुरू केली आणि तीही उतरली. आता शिवी येणार. आता ती नकटी म्हणेल, सटवी म्हणेल, माझी तिरडी बांधेल. 

इंदीनं दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, मॅडम," ती म्हणाली. आवाज मऊ होता, स्वच्छ होता. "तब्येत बरी आहे ना? कपाळाला लागलंय, दवाखान्यात दाखवून घ्या. तुमच्या कॉलेजातल्या मुलांचं चांगलं होवो. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो."

एवढं बोलून ती शांत उभी राहिली. तिची नाडी अडुसष्ट होती. वीस मिनिटं ती तशीच हात जोडून उभी होती, ओढ्याचं पाणी तिच्या गुडघ्याला वळसा घालून जात होतं. वैजयंतानं ओठ दाबून धरले; आता तिच्या तोंडून एक शिवी गेली असती तर जोड्या सुटल्या नसत्या. मग तिनं छातीवरची पट्टी काढली, वैजयंताच्या तळहातावर ठेवली आणि वळून चालू लागली.

काठावर अनघाच्या पडद्यावर अक्षरं उमटली. धमकीचे शब्द शून्य. आवाज सौम्य. नाडी स्थिर. संबंधाचं स्वरूप: मैत्री.

"झालं, मॅडम!" अनघा ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "नमुना रद्द! एकतीसच्या एकतीस जोड्या सुटल्या! झालं!"

वैजयंतानं तिच्याकडं पाहिलंही नाही. गूळ मुठीत वितळून बोटांतून गळत होता. ती पाण्यातून धडपडत चार पावलं पुढं गेली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली.

"ए नकटे! ए सटवे, भवाने, तुझ्या आमटीला मांजर तोंड लावंना! मागं फिर! तुझी तिरडी मी बांधीन गं, इंदे! ऐकतीस का? तुझी तिरडी..."

पलीकडच्या काठावर गर्दी बाजूला होऊन इंदीला वाट देत होती. पेज भरवायची वेळ झाली होती. ती मागं न बघता घराकडं गेली.